कार्ड फेकण्याआधी डाग तपासा



‘कार्ड गेलं!’ हे दोन शब्द आता गावोगाव ऐकू येतात. विहिरीवरच्या स्टार्टरमधला प्रिव्हेंटर दाद देईना, की कार्ड गेलं. ग्रामपंचायतीचा संगणक सकाळी बरा चालतो आणि दुपारी दाखला छापायच्या वेळी बंद पडतो, की त्याचेही कार्ड गेलं. मग एक तर नव्या कार्डाचे पैसे मोजायचे, नाही तर तालुक्याच्या दुकानात वस्तू टाकून हेलपाटे घालायचे. इकडे पीक थांबत नाही. गव्हाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी पाणी लागते म्हणजे लागतेच. ती पाळी चुकली तर पुढे दोन पाळ्या जास्त देऊनही नुकसान भरून निघत नाही.

अशा घाईत एक फार वाईट सल्ला मिळतो. ‘प्रिव्हेंटर काढून टाका, मोटार डायरेक्ट करा.’ त्या दिवशी पाणी चालू होते खरे, पण मोटारीचा राखणदार गेलेला असतो. पुढे एखाद्या रात्री तीनपैकी एक फेज उडाला की चालू मोटार उरलेल्या दोन फेजवर जोर काढते. त्या दोन तारांतून नेहमीच्या जवळजवळ पावणेदोन पट करंट वाहतो आणि वाइंडिंग जळते. एका छोट्या कार्डाचा खर्च टाळायला गेलो आणि अख्खी मोटार वर काढून रिवाइंडिंगला न्यावी लागली, असा हा व्यवहार होतो.

म्हणून आज एक साधी गोष्ट सांगायची आहे. ‘गेलेले’ म्हणून टाकलेले प्रत्येक कार्ड मेलेले नसते. पुष्कळदा त्यावरचा एखादा सोल्डरचा डाग तडकलेला असतो, बाकी सगळे शाबूत असते. तो डाग ओळखता आला आणि नीट देता आला, तर काही पैशांच्या सोल्डरमध्ये काम भागते.

डाग म्हणजे काय?

स्टार्टरचे कार्ड असो की संगणकाचा मदरबोर्ड, रचना सारखीच असते. फायबरच्या किंवा कागदी प्लेटवर तांब्याच्या पातळ पट्ट्या असतात. रिले, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, वायर लावायचे सॉकेट अशा भागांचे पाय प्लेटच्या छिद्रांतून खाली येतात आणि तिथे सोल्डरने पट्टीला जोडलेले असतात. हाच डाग. तो दोन कामे करतो. वीज पुढे नेतो आणि भागाला जागेवर धरून ठेवतो.

ज्यांनी दारात कल्हईवाला बसलेला पाहिला आहे, त्यांना हे काम समजायला वेळ लागणार नाही. कल्हईवाला आधी भांडे तापवतो, नवसागराची पूड टाकून कापसाच्या बोळ्याने घासतो, आणि मगच कथील लावतो. भांडे गार असेल किंवा मळलेले असेल तर कथील धरत नाही, नुसते गोळे होऊन फिरते. कार्डावरही हाच नियम आहे. जोडायच्या दोन्ही वस्तू तापल्या पाहिजेत आणि दोन्ही स्वच्छ पाहिजेत. नवसागराचे काम इथे राळ करते. सोल्डरच्या चांगल्या तारेच्या पोटातच ही राळ भरलेली असते. मात्र कार्डावर नवसागर किंवा पत्र्याच्या डागासाठी वापरतात ते ॲसिड चुकूनही लावू नये. त्याने तांब्याच्या पट्ट्या हळूहळू खाल्ल्या जातात.

डाग का तडकतो?

डाग तडकण्याची तीन कारणे नेहमी आढळतात.

पहिले कारण उष्णता. मोटार चालू असताना कार्ड तापते, बंद झाली की निवते. तापले की प्रत्येक वस्तू फुगते, पण सारखी नाही. फायबरची प्लेट जाडीच्या दिशेने तांब्याच्या तिप्पट-चौपट फुगते. ही ओढाताण सगळी त्या इवल्याशा डागावर येते. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत आणि थंडीच्या रात्री उघड्या शिवारात हे हजारो वेळा झाले, की पायाभोवती गोल चीर पडते.

दुसरे कारण हादरा आणि वजन. स्टार्टर ओढला की खाडकन आवाज होतो, तो हादरा कार्डापर्यंत जातो. रिले आणि ट्रान्सफॉर्मर हे वजनदार भाग आपल्या पायांवर हिसके देत राहतात. संगणकात हेच काम वारंवार काढघाल होणारी पिन करते. लॅपटॉपची चार्जिंगची पिन दिवसातून चार वेळा तिरकी ओढली, तर आतला सॉकेटचा डाग किती दिवस टिकणार?

तिसरे कारण ढिला स्क्रू. वायरचा स्क्रू ढिला असला की तिथे ठिणगी पडते, टर्मिनल तापते, आणि ती उष्णता खालच्या डागापर्यंत पोचते. अशा ठिकाणी प्लेट काळी-तपकिरी पडलेली दिसते.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. स्वस्त कार्डांवर तांबे एकाच बाजूला असते. तिथे डाग फक्त खालच्या बाजूने धरलेला असतो, म्हणून लवकर सुटतो. संगणकाच्या कार्डावर छिद्राच्या आतही तांब्याचा मुलामा असतो आणि सोल्डर छिद्रभर उतरते. तो डाग जास्त टिकतो, पण उकलायला आणि पुन्हा द्यायला अवघडही असतो.

खूण कशी ओळखावी?

तडकलेल्या डागाचा स्वभाव चंचल असतो. वस्तू कधी चालते, कधी चालत नाही. गार असताना चालते, तापली की बंद पडते, किंवा याच्या उलट होते. पेटीवर थाप मारली की सुरू होते. वायर जरा हलवली की दिवा लागतो. अशी लक्षणे दिसली तर आधी डागाचा संशय घ्यावा. पूर्ण जळालेले कार्ड थाप मारून चालू होत नाही.

वीज तोडून कार्ड बाहेर काढले, की जुन्या टूथब्रशने धूळ झाडावी. मग उन्हात किंवा बॅटरीच्या तिरप्या उजेडात, भिंगातून खालची बाजू बघावी. आधी वजनदार भागांचे पाय, रिलेचे पाय, टर्मिनल आणि सॉकेट बघावेत. बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. पायाभोवती केसासारखी काळी गोल रेघ दिसली तर तो तडा समजावा. वरून तो भाग बोटाने अगदी हलका हलवावा. खाली पाय डागात हलताना दिसला तर शंकाच उरत नाही.

नुसत्या चकाकीवर मात्र जाऊ नये. जुन्या शिशाच्या सोल्डरचा चांगला डाग चकचकीत असतो. पण अलीकडच्या बऱ्याच वस्तूंत शिसे नसलेले सोल्डर असते, त्याचा चांगला डागही मंद, भुरकट दिसतो. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर बंधन घातले आणि त्यानंतर कारखान्यांत बिनशिशाच्या सोल्डरचा वापर वाढला. म्हणून रंग बघू नका, चीर बघा.

आधी जिवाची काळजी

स्टार्टरच्या पेटीत ४१५ व्होल्ट खेळत असतात. नुसते बटण बंद करून भागत नाही. मेन स्विच खाली पाडावा, फ्यूज काढून खिशात ठेवावेत, टेस्टरने तिन्ही फेज तपासावेत आणि मगच हात घालावा. पायाखालची जमीन ओली नसावी. पेटीतून कार्ड काढण्याचे आणि परत बसवण्याचे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे. डाग देण्याचे काम घरी, कोरड्या टेबलावर करावे. चालू कार्डावर कधीही डाग देऊ नये.

संगणकाच्या बाबतीत पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा उघडूच नये. त्यातल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठते आणि वायर काढल्यावरही काही काळ राहू शकते. लॅपटॉप असेल तर बॅटरीची जोडणी आधी सोडवावी. कोरड्या हवेत अंगावर साठलेली वीज चिपला मारक ठरते, म्हणून नायलॉनचे कपडे टाळावेत आणि जमिनीला जोडलेल्या धातूला हात लावूनच कार्ड उचलावे.

सोल्डरमध्ये शिसे असते आणि ते विषारी आहे. डाग देताना तोंडात काही घालू नये. त्याच हाताने तंबाखू मळू नये. धूर नाकात जाणार नाही असे बसावे, खिडकी उघडी ठेवावी. काम संपले की हात साबणाने धुवावेत. लहान मुलांना जवळ बसवू नये.

सामान काय लागते?

सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे पुरते. रिले आणि टर्मिनलच्या जाड पायांना ते कमी पडते, तिथे ३५ ते ६० वॅटचे घ्यावे. तीन पिनी, अर्थिंग असलेले घेतले तर उत्तम. राळ भरलेली ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेली बारीक तार घ्यावी. ती १८३ अंश सेल्सिअसपासून वितळू लागते. बिनशिशाचे सोल्डर २१७ अंशांच्या पुढे वितळते, म्हणून तिथे आयर्न जास्त तापावे लागते. याखेरीज थोडी राळेची पेस्ट, जुने सोल्डर ओढायचा पंप, ओला स्पंज, भिंग, टूथब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि साधा मल्टिमीटर. एवढ्यात संसार पुरा होतो.

डाग कसा द्यावा?

१) काम सुरू करण्याआधी मोबाईलवर कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. कोणती वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही.

२) डागाची जागा अल्कोहोल आणि ब्रशने साफ करावी. कार्डावर पारदर्शक वार्निश असेल तर तेवढ्या जागेपुरते हलके खरवडावे.

३) आयर्न पूर्ण तापू द्यावे. टोक ओल्या स्पंजवर पुसून त्याला थोडे सोल्डर पाजावे. काळ्या पडलेल्या टोकातून उष्णता जात नाही.

४) जुने सोल्डर थोडे राळ लावून वितळवावे आणि पंपाने ओढून घ्यावे. जुन्यावरच नवे थापले तर आतली चीर आणि मळ तसाच राहतो.

५) पाय काळा दिसला तर टोकदार चाकूने हलके खरवडून तांबूस-पांढरा करावा.

६) आयर्नचे टोक पाय आणि तांब्याची चकती या दोन्हींना एकदम टेकवावे. एखादा सेकंद थांबावे. मग सोल्डरची तार दुसऱ्या बाजूने पायाला लावावी, आयर्नच्या टोकाला नव्हे. दोन्ही वस्तू तापल्या असतील तर सोल्डर आपोआप पसरते.

७) आधी तार काढावी, मग आयर्न काढावे. सगळे मिळून दोन ते चार सेकंदांत आटपावे. जाड पायाला थोडा वेळ जास्त लागतो.

८) निवेपर्यंत कार्ड हलवू नये, फुंकरही मारू नये. निवताना हलले तर आत पुन्हा चीर राहते. यालाच कच्चा डाग म्हणतात.

चांगला डाग छोट्या वारुळासारखा दिसतो. खाली पसरलेला आणि वर पायाशी निमुळता. अळवाच्या पानावरच्या थेंबासारखा गोल मणी दिसला, तर तो धरलेला नाही असे समजा. पुन्हा राळ लावा, पुन्हा तापवा.

मग शेजारच्या दोन डागांना सोल्डरने जोडून तर टाकले नाही ना, हे भिंगातून बघावे. मल्टिमीटर आवाजाच्या खुणेवर ठेवून एक काडी पायाला आणि दुसरी त्याच पट्टीच्या पुढच्या टोकाला लावावी. आवाज आला म्हणजे वाट मोकळी. उरलेली राळ पुसून कार्ड पूर्ण वाळवावे.

कधी तापवताना तांब्याची चकतीच उखडते. घाबरू नये. त्या पट्टीवरचा हिरवा रंग पुढे थोडा खरवडावा, तांबे उघडे करावे, आणि तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा पायापासून पट्टीपर्यंत दोन्हीकडे डाग देऊन जोडावा. मोटारीचा किंवा कॉइलचा करंट जाणारी पट्टी असेल तर तार तेवढी जाड हवी.

बसवल्यावर परीक्षा घ्या

प्रिव्हेंटरचे कार्ड बसवले आणि मोटार चालू झाली, म्हणजे काम झाले असे नव्हे. मोटार चालवणे हे स्टार्टरचे काम. फेज गेल्यावर ती थांबवणे हे प्रिव्हेंटरचे काम, आणि तेच तपासायचे आहे. वायरमनने मेन बंद करून एका फेजचा फ्यूज काढावा, मेन लावावा आणि चालू करून बघावे. मोटार उचलता कामा नये. नुसती गुणगुणली तरी क्षणात बंद करावी. ही परीक्षा तिन्ही फेजवर एकेक करून घ्यावी. कारण स्टार्टरची कॉइल दोन फेजवर चालते. त्यांपैकी एक गेला तर प्रिव्हेंटर नसला तरी स्टार्टर उचलत नाही. खरी कसोटी उरलेल्या तिसऱ्या फेजवर लागते. तिथे कार्ड नापास झाले तर ते वापरू नये, बदलावे.

कुठे थांबावे?

सगळेच आपल्या हातचे नसते. प्लेट जळून कोळसा झाली असेल तर त्यातून वीज गळते, ते कार्ड सोडून द्यावे. कपॅसिटरचे डोके फुगले असेल तर दोष डागाचा नाही, तो भागच बदलावा लागतो. संगणकाच्या मोठ्या चिपचे डाग चिपच्या पोटाखाली बारीक मण्यांसारखे असतात. त्यांना आयर्न पोचतच नाही. कार्ड ओव्हनमध्ये किंवा हेअर ड्रायरखाली तापवायचे प्रयोग करू नयेत. तात्पुरते चालले तरी टिकत नाही आणि बाकीचे भागही जातात. ते काम खास यंत्र असलेल्या दुकानातच होते. कमी पायांचे, मोठे, डोळ्यांना दिसणारे डाग एवढीच आपली हद्द.

ग्रामसेवक आणि संगणक चालकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. कार्यालयाचा संगणक ही सरकारी वस्तू आहे, तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला असते. हमीची मुदत चालू असेल तर सील तोडू नये. मुदत संपली असेल तर आधी वरिष्ठांना कळवावे, माहितीची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी आणि मगच दुरुस्तीला हात लावावा. वस्तू कोणाकडे दिली, काय दुरुस्त झाले, याची लेखी नोंद ठेवावी. आणि निर्लेखन करण्याच्या यादीत नाव टाकण्याआधी जाणकाराकडून एकदा डाग तपासून घ्यावेत.

पुन्हा तुटू नये म्हणून

दिलेला डाग महिन्याभरात परत सुटला तर सोल्डरला दोष देऊ नका, कारण शोधा. टर्मिनलचे स्क्रू हंगामातून दोनदा, वीज बंद करून आवळा. कार्ड चारही स्क्रूंवर पक्के बसवा. एकाच स्क्रूवर लोंबणारे कार्ड प्रत्येक हादऱ्याला डोलते. जाड वायरचे वजन कार्डावर येऊ देऊ नका, ती पेटीला बांधून घ्या. पेटीवर सावलीला पत्रा टाका, पण हवा खेळती ठेवा. वायर जाण्याची भोके बंद करा. पाली आणि मुंग्या उबेला पेटीत शिरतात आणि कार्डावर शॉर्ट करतात, हे आपण सगळ्यांनीच पाहिले आहे. संगणकाची धूळ काढा, पंखा मोकळा ठेवा, पिना सरळ धरून काढा.

जे कार्ड खरोखरच गेले, ते उकिरड्यावर टाकू नका आणि तांब्यासाठी जाळू तर मुळीच नका. त्यातले शिसे मातीत आणि पाण्यात उतरते, आणि तीच माती आपल्याला पिकवायची आहे. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडेच जायला हवा. ग्रामपंचायतीने एक पेटी ठेवून गावातली जुनी कार्डे, चार्जर आणि मोबाईल गोळा केले तर एकदम पाठवणे सोपे पडते.

शेवटी एवढेच. नांगराचा फाळ शेवटायला गावात लोहार होता, भांड्याला कल्हईवाला होता. आता आपल्या विहिरीवर आणि कार्यालयात कार्डे आली आहेत, तर त्यांचाही जाणकार गावात हवा. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा कोर्स असतो. गावातल्या एखाद्या होतकरू मुलाला किंवा मुलीला तिकडे पाठवा. बचत गटाने किंवा ग्रामपंचायतीने हत्यारांचा एक डबा घेऊन द्यावा. त्यांना हात बसवायला घरातली टाकाऊ कार्डे द्या, वीस-पंचवीस डाग दिले की हात बसतो. तोवर तुम्ही एकच करा. पुढच्या वेळी कोणी ‘कार्ड गेलं, डायरेक्ट करा’ म्हणाला, तर त्याला म्हणा, ‘थांबा, आधी उलटं करून बघू.’